एसीईच्या टेस्ट एका थ्रेड लायब्ररीवर पास आणि दुसरीवर लटकतात, मग दोष कुणाचा ते कसं शोधायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : तुमचा सर्व्हर एसीई या नेटवर्किंग फ्रेमवर्कवर उभा आहे, इतकी वर्षं ग्लिबसीवाल्या (ग्लिबसी म्हणजे लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी, थ्रेडचं कामही तीच बघते) लिनक्सवर चालत आलाय आणि तिथे एसीईच्या स्वतःच्या टेस्ट सगळ्या हिरव्या. आता कंटेनरची इमेज लहान करायची म्हणून अल्पाइन लिनक्सवर नेताय, म्हणजे मसल या छोट्या सी लायब्ररीवर, आणि एका ग्राहकाला फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरही पाहिजे. तर अल्पाइनवर काही टेस्ट लटकतात, काही कधी पास कधी फेल होतात, फ्रीबीएसडीवर वेगळ्याच एकदोन फेल होतात, आणि टीममधले अर्धे म्हणतात एसीई जुनाट झालंय, अर्धे म्हणतात मसलच कच्चं आहे.

दोन्ही बाजूंकडे आत्ता पुरावा नाहीये, एवढंच म्हणता येईल. फेल झालेली टेस्ट दोष कुणाचा ते सांगत नाही, ती फक्त सांगते की फ्रेमवर्कने जे गृहीत धरलं होतं आणि खालच्या लायब्ररीने जे दिलं त्यात कुठेतरी जुळत नाहीये. आता जे गृहीत धरलं होतं ते पॉझिक्सने, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामायिक मानकाने, खरंच कबूल केलेलं आहे का, हे प्रत्येक फेल टेस्टमागे तपासायचं, आणि त्यासाठी प्रयोग असा मांडायचा की एका वेळी एकच गोष्ट बदलेल. बाकी सगळं यातूनच निघतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एसीई म्हणजे अडॅप्टिव्ह कम्युनिकेशन एन्व्हायर्नमेंट, डग्लस श्मिट यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केलेलं सी प्लस प्लसमधलं नेटवर्किंगचं फ्रेमवर्क. रिअॅक्टर, प्रोअॅक्टर, टास्क, थ्रेड मॅनेजर, मेसेज क्यू असं सगळं त्यात आहे, आणि त्या सगळ्याच्या खाली एसीई ओएस नावाचा एक पातळ थर आहे जो प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचे कॉल एका साच्यात बसवतो. कुठल्या प्लॅटफॉर्मवर काय आहे काय नाही हे कॉन्फिग हेडरमधले मॅक्रो सांगतात, "हॅज" वाले आणि "लॅक्स" वाले. या मॅक्रोंकडे लोक लक्षच देत नाहीत, बिल्ड झालं की झालं असं समजतात, पण पोर्टिंगमधल्या निम्म्या भानगडी तिथेच असतात, कारण लिनक्सचं कॉन्फिग लिहिताना बरंचसं ग्लिबसी डोळ्यासमोर ठेवून लिहिलं गेलंय आणि मसलवर बिल्ड करतानाही तुम्ही तेच लिनक्सचं कॉन्फिग वापरता.

आता पहिलं काम, टेस्टला हात लावायच्या आधीचं. प्रत्येक रनच्या लॉगच्या डोक्यावर कुठली थ्रेड लायब्ररी प्रत्यक्षात लोड झाली हे छापून घ्या. कुठली लिंक केली ते नाही, कुठली लोड झाली ते. ग्लिबसीवर गेटकॉन्फला जीएनयू लिबपीथ्रेड व्हर्जन विचारलं की तो एनपीटीएल (ग्लिबसीची थ्रेड लायब्ररी) आणि आवृत्ती सांगतो. मसलवर एलडीडी (बायनरी कुठल्या लायब्ररी वापरते ते दाखवणारं टूल) नुसता चालवला तरी आवृत्ती छापतो. फ्रीबीएसडीवर एलडीडी आणि चालू प्रोसेसवर प्रॉकस्टॅटचा मेमरी मॅप बघा. बायनरी स्टॅटिक असेल तर एलडीडी काहीच सांगणार नाही, मग बिल्डच्या वेळचीच नोंद ठेवावी लागते. ज्या रिपोर्टवर ही ओळ नाही तो रिपोर्ट मी तुलनेला घेतच नाही, कितीही हिरवा असू दे.

हे मी एवढं ताणून का सांगतोय, तर त्यासाठी फ्रीबीएसडीचा जुना काळ बघायला हवा. फ्रीबीएसडी ५ च्या मालिकेत एकाच सिस्टिमवर तीन थ्रेड लायब्ररी नांदत होत्या. जुनी लिबसी-आर, जी पूर्णपणे युजरलँडमध्ये थ्रेड फिरवायची, कर्नलला एकच प्रोसेस दिसायची. दुसरी केएसई, म्हणजे एम-टू-एन, बरेच युजर थ्रेड थोड्या कर्नल एंटिटींवर. आणि तिसरी लिबथ्र, सरळ वन-टू-वन, प्रत्येक थ्रेडला एक कर्नल एंटिटी. ५.३ मध्ये, २००४ साली, केएसईवाली डिफॉल्ट होती, मग २००८ च्या ७.० मध्ये लिबथ्र डिफॉल्ट झाली आणि ८.० पर्यंत केएसई कर्नलमधून काढूनच टाकली. पण मधल्या काळात तिन्ही उपलब्ध होत्या आणि लिबमॅप कॉन्फ नावाच्या एका फाइलमध्ये दोन शब्द लिहिले की लोडर एका लायब्ररीच्या जागी दुसरी द्यायचा, हवं तर एकाच एक्झिक्युटेबलपुरतं सुद्धा.

म्हणजे तोच कर्नल, तीच मशीन, तोच कंपायलर, तीच बायनरी, आणि फक्त थ्रेड लायब्ररी बदललेली. फ्रेमवर्क टेस्ट करणाऱ्याला यापेक्षा स्वच्छ प्रयोग मिळणं शक्य नाही, आणि तेव्हा एसीईच्या टेस्ट तिन्हींवर चालवल्या की जो फरक दिसायचा तो लायब्ररीचाच असायचा, दुसरा कुणी संशयित नसायचाच. लिबसी-आरवर एखादा थ्रेड डिस्कवरची फाइल वाचायला थांबला की बाकीचे सगळे थ्रेड पण थांबायचे, कारण खाली कर्नल प्रोसेस एकच. सॉकेटवर तसं होऊ नये म्हणून ती लायब्ररी आतल्या आत डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटचा क्रमांक) नॉनब्लॉकिंग, म्हणजे वाट न बघणारा, करून ठेवायची, आणि फोर्क, म्हणजे प्रोसेसची प्रत, झाल्यावर तोच डिस्क्रिप्टर दुसऱ्या प्रोसेसकडे गेला की त्या बिचाऱ्या प्रोसेसला अचानक वाचायला काही नाही असा एरर यायला लागायचा, तिने तर काही मागितलंच नव्हतं. नेटवर्किंग फ्रेमवर्कसाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, कारण फोर्क करून मुलाला सॉकेट देणं हे तर सर्व्हरचं रोजचं काम. आणि केएसईवर प्रश्न यायचा स्कोपचा. प्रोसेस स्कोपचे थ्रेड आपसात कर्नल एंटिटी वाटून घेणार, सिस्टिम स्कोपचा थ्रेड स्वतःची वेगळी घेणार, आणि एसीईमध्ये टास्क अॅक्टिव्हेट करताना तुम्ही कुठला फ्लॅग दिला त्यावर हे ठरणार. आज लिनक्सवर प्रोसेस स्कोप मागितला तर ग्लिबसी असो वा मसल, सपोर्ट नाही असंच उत्तर मिळतं, म्हणून लोकांना तो फ्लॅग आहे हेच माहीत नसतं.

आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये दोन थ्रेड लायब्ररी. मुख्य प्रोग्राम एकीशी लिंक केलेला, आणि त्याने वापरलेली कुठलीतरी तिसरीच लायब्ररी दुसरीशी. म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) एकीने बनवला आणि लॉक दुसरीने केला, मग जे काय होईल ते होईल. क्रॅश झाला तर नशीब समजा, नाहीतर नुसता लटकतो. म्हणून म्हणतोय लोड काय झालं ते बघा.

लिनक्सवरही असाच एक काळ होता. झेविए लेरॉय यांची लिनक्सथ्रेड्स १९९६ पासून चालत होती आणि तिने खूप काम केलं, तिला कमी लेखू नका, पण तिच्यात प्रत्येक थ्रेड कर्नलला वेगळी प्रोसेस वाटायचा. गेटपीआयडी प्रत्येक थ्रेडमध्ये वेगळा आकडा द्यायचा. प्रोसेसला पाठवलेला सिग्नल नेमक्या त्या पीआयडीच्या थ्रेडलाच जायचा, बाकी कुणी सिगवेटमध्ये, म्हणजे सिग्नलची वाट बघत, बसलं असेल तर ते बसूनच राहणार. प्रोसेसांमध्ये वाटून घेता येणारा म्युटेक्स नव्हता. एसीईच्या सिग्नल टेस्ट, प्रोसेस म्युटेक्स टेस्ट यांचं तिथे काय होत असेल ते तुम्ही ओळखालच. मग २००२ मध्ये उलरिच ड्रेपर आणि इंगो मोलनार यांनी एनपीटीएल आणली, खाली फ्युटेक्स (लॉकसाठी थांबायची कर्नलची सोय), आणि २००३ च्या रेड हॅट ९ मध्ये ती लोकांच्या हातात पडली. मधली काही वर्षं ग्लिबसीत दोन्ही असायच्या आणि एलडी अझ्यूम कर्नल नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २.४.१ केला की तीच बायनरी लिनक्सथ्रेड्सवर चालायची. २००६ च्या ग्लिबसी २.४ पासून ती सोय गेली. सोलारिसमध्येही तसंच, सोलारिस ८ मध्ये जुनी एम-टू-एन लायब्ररी डिफॉल्ट आणि वेगळ्या डिरेक्टरीत वन-टू-वन पर्याय म्हणून ठेवलेली, सोलारिस ९ मध्ये तीच डिफॉल्ट झाली.

हा इतिहास मुद्दाम सांगितला कारण एसीईच्या कोडमध्ये आणि टेस्टमध्ये अजूनही या सगळ्याच्या खुणा आहेत. एखादी अट विचित्र वाटली तर काढून टाकायच्या आधी ती कुठल्या लायब्ररीसाठी लिहिली होती ते बघा.

आता तुमच्या केसकडे. ग्लिबसी विरुद्ध मसल ही तुलना तुम्हाला जवळजवळ फ्रीबीएसडी ५ इतकीच स्वच्छ करता येते, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. कंटेनर कुठलाही असला तरी कर्नल होस्टचाच असतो. एकाच होस्टवर एक डेबियनची इमेज आणि एक अल्पाइनची इमेज, दोन्हीत तोच एसीईचा सोर्स, शक्य तितका तोच कंपायलर, तेच फ्लॅग, तेच सीपीयू आणि मेमरीचे लिमिट. बायनरी मात्र वेगळी होणार, ते टाळता येत नाही. आता तुम्ही लिहिलंय की ग्लिबसीचे रन डेव्हलपरच्या मशीनवर झाले आणि अल्पाइनचे सीआयमधल्या (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेतल्या) कंटेनरमध्ये दोन सीपीयूच्या कोट्यावर. मग तुम्ही लायब्ररी बदलली, आणि कोटाही बदलला. सीपीयू कोटा साधारणपणे १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजला जातो, कोटा संपला की त्या खिडकीत उरलेला वेळ सगळे थ्रेड गोठतात, ज्याच्या हातात लॉक आहे तो सुद्धा. वेळेवर अवलंबून असलेली कुठलीही टेस्ट तिथे डळमळणार, मग खाली मसल असो नाहीतर काहीही. वर प्रोसेसर किती हे विचारलं तर सिस्टिम होस्टचे सगळे सांगते, कोटा सांगत नाही, त्यामुळे थ्रेड पूल उगाच मोठा होतो. तर आधी डेबियन त्याच कोट्यात चालवा. जितक्या टेस्ट तिथेही फेल होतील तितक्या मसलच्या खात्यातून वजा.

दुसरा लपलेला बदल म्हणजे मेमरी अॅलोकेटर. मसलचा स्वतःचा मॅलॉक अनेक थ्रेड एकदम मेमरी मागायला लागले की ग्लिबसीच्या मानाने बराच हळू पडतो, आणि एसीईच्या मेसेज क्यूच्या टेस्ट तर मेसेज ब्लॉक सतत बनवतात आणि सोडतात. टेस्ट टाइमआउट झाली की लोक लगेच म्युटेक्सवर, कंडिशन व्हेरिएबलवर (एखादी अट पुरी होईपर्यंत थ्रेडला थांबवायची सोय) संशय घेतात. दोन्हीकडे एकच बाहेरचा अॅलोकेटर लावून बघा, जेमॅलॉक किंवा मिमॅलॉक, आणि मग काय उरतं ते बघा. तिसरा बदल म्हणजे नाव शोधणं, मसलचा रिझॉल्व्हर वेगळ्या पद्धतीने वागतो, एकापेक्षा जास्त नेमसर्व्हर असतील तर सगळ्यांना एकदम विचारतो, नाव कुठे शोधायचं ते ठरवणारी एनएसस्विचची फाइल मानत नाही. कनेक्शनच्या टेस्टमध्ये होस्टनेम असेल तर ते काढून सरळ लूपबॅकचा अॅड्रेस द्या म्हणजे ही भानगडच संपली.

हे सगळं वजा केल्यावर मसलवर जे उरेल त्यात माझा पहिला संशय नेहमी स्टॅकवर, म्हणजे थ्रेडच्या लोकल व्हेरिएबलसाठीच्या जागेवर, असतो. ग्लिबसी नवीन थ्रेडला स्टॅक देताना यूलिमिटचा आकडा बघते, जो बहुतेक ठिकाणी ८ एमबी असतो. मसल डिफॉल्टला १२८ केबी देते, आणि २०१९ च्या १.१.२१ च्या आधी तर ८० केबी देत होती. फ्रीबीएसडी ६४ बिटवर २ एमबी, मॅकवर मुख्य सोडून बाकी थ्रेडला ५१२ केबी. म्हणजे जो कोड ग्लिबसीवर कधीच तक्रार करत नाही तोच मसलवर पहिल्या मोठ्या लोकल अॅरेला कोसळतो, आणि यात मसलची चूक शून्य आहे, कारण पॉझिक्सने डिफॉल्ट स्टॅक किती असावा याचं कुठलंच वचन दिलेलं नाही. तुम्ही म्हणाल आमची टेस्ट कोसळत नाही, लटकते. पण जरा ती टेस्ट उघडून बघा, दोन प्रोसेसची आहे का. मूल स्टॅक ओलांडून मेलं आणि आई त्याच्याकडून काहीतरी यायची वाट बघत बसली, तर बाहेरून ते लटकणंच दिसतं, आणि रन टेस्टची पर्ल स्क्रिप्ट शेवटी टाइमआउट लिहून मारून टाकते. कोअर डंप चालू ठेवा, कंटेनरमध्ये तो बहुतेक वेळा बंद असतो किंवा होस्टवर भलतीकडेच जाऊन पडतो.

उपाय सोपा आहे. टास्क अॅक्टिव्हेट करताना स्टॅकचा आकार स्वतः द्या, एसीईत त्यासाठी पॅरामीटर आहे, किंवा लिंकरला स्टॅक साइझचा फ्लॅग द्या, मसल तो मानते. पण आधी टेस्ट डिफॉल्टवर फेल होऊ द्या, मग मोठ्या स्टॅकवर पास होते का बघा, आणि ती नोंद लिहून ठेवा. सरळ सगळीकडे ८ एमबी ठोकून पुढे जाऊ नका, कारण त्याने तुमच्या स्वतःच्या सर्व्हरमधले स्टॅक खाणारे कोपरे झाकले जातात, आणि ते सापडणं हा या सगळ्या खटाटोपाचा मोठा फायदा आहे.

मग प्रायॉरिटीच्या टेस्ट. एसीई प्रोसेस पातळीवर शेड्युलिंग बदलताना शेड सेट शेड्युलर कॉल करते. मसल त्या कॉलला मुद्दामच "नाही बनवलेलं" असं उत्तर देते, कारण लिनक्सचा तो सिस्टिम कॉल खरं तर प्रोसेसवर नाही, एका थ्रेडवर चालतो आणि पॉझिक्सला हवं असलेलं वागणं त्यातून मिळत नाही. ग्लिबसी तो कॉल तसाच कर्नलला पाठवते आणि सगळं ठीक आहे असं तुम्हाला वाटतं. इथे मला मसलची बाजू बरोबर वाटते, जे जमत नाही ते जमतंय असं भासवणं थ्रेडच्या कामात फार महागात पडतं. तुमच्या सर्व्हरला रिअल टाइम प्रायॉरिटी खरंच लागत असेल तर थ्रेड पातळीवरचा पीथ्रेड कॉल वापरा. नसेल लागत तर ही टेस्ट त्या प्लॅटफॉर्मवर वगळा, एसीईच्या टेस्ट यादीत ओळीच्या पुढे उद्गारचिन्ह लावून कॉन्फिगचं नाव देता येतं, म्हणजे ती वगळलेली आहे हे सगळ्यांना दिसतं. टेस्टमध्ये आतून गुपचूप रिटर्न टाकू नका. थ्रेडच्या स्वतःच्या डेटाच्या कीज पण मोजून बघा, ग्लिबसी १०२४ देते, मसल १२८. एकटं एसीई एवढ्या वापरत नाही, पण वर तुमच्या तीनचार लायब्ररी असतील तर बघायला हवं.

आता कधी पास कधी फेल होणाऱ्यांकडे येतो, खरी मेहनत इथे आहे.

अशी टेस्ट दिसली की ती कशावर विसंबून आहे ते वाचा, अगदी ओळ न ओळ. सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते म्हणजे क्रमावरचा विश्वास. कंडिशन व्हेरिएबलवर चार थ्रेड थांबलेत, सिग्नल केला तर पहिला आलेला पहिला उठेल असं टेस्टने धरलंय. साध्या शेड्युलिंगमध्ये असं वचन कुणीच दिलेलं नाही, उलट उगाचच जाग येणं सुद्धा पॉझिक्सला मान्य आहे, म्हणूनच अट लूपमध्ये तपासायची असते. म्युटेक्सचंही तेच, सोडल्या सोडल्या परत घेणारा थ्रेड तोच म्युटेक्स पुन्हा पटकावू शकतो आणि बाकीचे उपाशी राहतात, एका लायब्ररीवर हे रोज दिसेल, दुसरीवर कधीच नाही. एसीईने स्वतः इथे शहाणपणा केलाय, रिअॅक्टरच्या आत साधा म्युटेक्स नाही तर एसीई टोकन आहे, त्यात थांबलेल्यांची रांग एसीई स्वतः सांभाळते, फीफो किंवा लीफो तुम्ही ठरवाल तसं, आणि प्रत्येक थांबलेल्याला वेगळं जागं करते. म्हणून थ्रेड पूल रिअॅक्टरच्या टेस्टमध्ये जर क्रम बिघडलेला दिसला तर तो लायब्ररीच्या अन्यायामुळे असण्याची शक्यता कमी, तिथे खरंच खोलात जायला हवं. आणि तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये साधा म्युटेक्स घेऊन तुम्ही रांग गृहीत धरली असेल तर तिथे चूक तुमची.

दुसरं, झोप. एक थ्रेड बनवला, मग थोडा वेळ झोपलो, आणि मग धरून चाललो की तोवर तो थ्रेड थांबण्याच्या जागी पोचला असेल. जुन्या टेस्टमध्ये हे जागोजागी आहे. झोपेचा आकडा वाढवून टेस्ट हिरवी करणं म्हणजे प्रश्न पुढच्या मंद मशीनवर ढकलणं, तिथे बॅरियर (सगळे थ्रेड पोचेपर्यंत थांबवणारी सोय) लावा. तिसरं, घड्याळ. कंडिशन व्हेरिएबलची टाइम्ड वेट डिफॉल्टला भिंतीवरच्या घड्याळाने चालते, एनटीपीने वेळ सरकवली की वाट बघणं लांबतं किंवा तुटतं. एसीईत मोनोटॉनिक घड्याळाची सोय आहे आणि त्याच्या वेगळ्या टेस्टही आहेत, पण मॅकवर कंडिशन व्हेरिएबलचं घड्याळ बदलायचा कॉलच नाही.

वाचून झालं की छळायला सुरुवात करा. एकच टेस्ट रात्रभर लूपमध्ये, फेल झाली की थांबेल अशी. मग टास्कसेटने एकाच कोअरला बांधून तसंच. एका कोअरवर आणि अनेक कोअरवर वेगवेगळे बग बाहेर येतात, एका कोअरवर टाइमस्लाइस नको तिथे तुटतो आणि अनेक कोअरवर खरी समांतर गर्दी होते. सोबत स्ट्रेस-एनजी लावून मशीन दमवा. लिनक्सवर आरआर या रेकॉर्ड करणाऱ्या डीबगरचा केऑस मोड मला फार आवडतो, तो मुद्दाम वेड्यावाकड्या क्रमाने थ्रेड फिरवतो आणि फेल झालेलं रेकॉर्डिंग मागेपुढे करून बघता येतं. ग्लिबसीच्या बिल्डवर थ्रेड सॅनिटायझर आणि हेलग्रिंड चालवा, आणि हे मसलवर फेल होणाऱ्या टेस्टसाठी सुद्धा ग्लिबसीवर चालवा, कारण डेटा रेस (कुलूप न लावता दोन थ्रेडनी एकाच डेटाला हात लावणं) असेल तर ती कोडमध्येच असते, फक्त एका लायब्ररीच्या टायमिंगमुळे झाकली जाते. माझ्या अनुभवात "मसलवरच येतो" अशा बगांपैकी बरेच सॅनिटायझरने ग्लिबसीवर दाखवून दिलेत.

लटकलेली प्रोसेस मारायची घाई करू नका. जीडीबी लावून सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस घ्या, थोड्या वेळाने परत घ्या. दोन्ही वेळा सगळे तिथेच असतील तर डेडलॉक किंवा हरवलेला सिग्नल, जागा बदलत असतील तर लाइव्हलॉक किंवा नुसता हळूपणा. फ्रीबीएसडीवर प्रॉकस्टॅट कर्नलमधला स्टॅक दाखवतो. रन टेस्टची स्क्रिप्ट टाइमआउटला मारते म्हणून तिच्या आधी बॅकट्रेस घेणारी छोटी स्क्रिप्ट मध्ये घाला, या एका गोष्टीने जेवढा वेळ वाचतो तेवढा दुसऱ्या कशाने वाचत नाही.

आणि हो, लायब्ररीचा दोष खरंच असू शकतो, ते कधीच होत नाही असं समजू नका. ग्लिबसीने २०१७ च्या २.२५ मध्ये कंडिशन व्हेरिएबल नव्याने लिहिलं, २०२० मध्ये त्यात जाग हरवण्याचा बग नोंदवला गेला, म्हणजे सिग्नल केला आणि थांबलेला उठलाच नाही, आणि दुरुस्ती २०२५ च्या २.४१ मध्ये आली. मधल्या काळात जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर तीच लायब्ररी वापरत होते. क्वचित येणारा प्रकार होता, पण खरा होता. त्यामुळे तुमच्या "सगळं हिरवं" असलेल्या बाजूलाही संदर्भ मानायचा तो आवृत्तीसकट. लायब्ररीवर बोट ठेवायच्या आधी मात्र एसीई पूर्ण बाजूला काढून शंभरेक ओळींचा नुसत्या पीथ्रेडचा प्रोग्राम लिहा जो तसाच फेल होतो. तो लिहिता आला तर तुमच्याकडे बग आहे, लायब्ररीवाले लोक अशा रिपोर्टची मनापासून दखल घेतात. नाही लिहिता आला तर एसीईच्या थरात किंवा मॅक्रोत शोधा.

फ्रीबीएसडीबद्दल, तिथे आता लिबथ्र एकच आहे त्यामुळे लायब्ररी अदलाबदलीचा प्रयोग नाही, आणि कर्नल पण वेगळा आहे, म्हणून तिथली फेल टेस्ट मसलच्या फेल टेस्टशी जोडू नका. आधी हे वेगळं करा की फरक थ्रेडचा आहे का सॉकेटचा. एका थ्रेडने डिस्क्रिप्टर बंद केला आणि दुसरा त्यावरच थांबलेला आहे, तेव्हा त्याला जाग येते का हे कर्नलवर अवलंबून असतं, लिनक्सवर तो तसाच बसून राहू शकतो. हे पोर्टेबल नाहीच, रिअॅक्टरच्या नोटिफायनेच जागं करायचं असतं. डेव्ह पोलवाला रिअॅक्टर फ्रीबीएसडीवर नाही, म्हणून ही तुलना लिनक्सवर करा, सिलेक्टवाला आणि डेव्ह पोलवाला दोन्ही लावून बघा, एकावरच फेल होत असेल तर थ्रेड लायब्ररीचा संबंध नाही. प्रोसेस म्युटेक्सची टेस्ट फेल होत असेल तर ओएसची आवृत्ती विचारा, कारण प्रोसेसांमध्ये वाटायचा म्युटेक्स फ्रीबीएसडीत ११.० पासून, म्हणजे २०१६ पासून आला, आणि तुमच्या कॉन्फिग हेडरमधला मॅक्रो त्या आधीचा असेल तर एसीई अजून सिस्टिम फाइव्हचे सेमाफोर वापरत असेल. क्रॅश झाल्यावर मागे पडून राहिलेले सेमाफोर आयपीसीएसने बघा आणि साफ करा, नाहीतर पुढचा रन आधीच्या रनच्या कचऱ्यावर अडकतो आणि लोक थ्रेडला दोष देतात.

मॅकवर कुणी डेव्हलपर टेस्ट चालवत असेल तर तिथे बिननावाचे सेमाफोर नाहीत, बॅरियर नाही, म्युटेक्सचं टाइम्ड लॉक नाही, एसीई यातलं काही स्वतः उभं करते, त्यामुळे तिथे पास झालं म्हणजे एसीईचं ते रिकामी जागा भरणारं अंग टेस्ट झालं, लायब्ररीचं नाही. विंडोजवर व्हिस्टाच्या आधी कंडिशन व्हेरिएबलच नव्हतं, तोही असाच प्रकार.

तुम्ही आता एवढं करा. फेल झालेल्या प्रत्येक टेस्टपुढे लिहा, तीच टेस्ट त्याच कोट्यात डेबियनवर काय करते, त्याच अॅलोकेटरवर काय करते, मोठ्या स्टॅकवर काय करते, आणि सॅनिटायझर काय म्हणतो. मला वाटतं अल्पाइनच्या यादीतल्या बऱ्याच ओळी इथेच गळतील. ज्या उरतील त्यांचे दोन-दोन वेळा घेतलेले बॅकट्रेस आणि लायब्ररीची आवृत्ती इथे टाका, एकेक करून बघू. फ्रीबीएसडीची यादी वेगळी टाका.